बाबांचं नाक

६ जानेवारी

ताई,

आधी माफी मागते. माझं शुद्धलेखन तुला माहीतच आहे. नववीत बाईंनी माझ्या वहीत लाल पेनाने जेवढं लिहिलं, तेवढं मी निळ्याने लिहिलं नव्हतं. आणि टायपिंग एका बोटाने चाललंय, ते बोटही धड नाही, परवा दारात चेंगरलं. एक जोडाक्षर शोधण्यात पाच मिनिटं गेली, शेवटी मी तो शब्दच बदलला. तेव्हा समजून घे.

फोन तू उचलत नाहीस. उचललास तरी मला फोनवर बोलता येत नाही. तू "हॅलो, हॅलो, कोण नुसतं श्वास घेतंय?" म्हणणार आणि मी घाबरून ठेवणार. म्हणून हे पत्र.

बातमी अशी की मी कामाला लागले. कुठे, ते ओळख. हो, तिथेच, बाबांच्या प्लांटवर. अठरा पूर्ण झाली त्याच आठवड्यात बाबांनी साहेबांना सांगून मला लावलं. दर तासाला सगळ्या काट्यांवरचे आकडे वहीत लिहायचे, नळ्यांच्या जोडांना साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का बघायचं. बोलायचं काम नाही, म्हणून मला आवडलं. तिथे सगळे मला घुमी म्हणतात. घरीही तेच, त्यामुळे नवीन काही लक्षात ठेवावं लागलं नाही.

बाबा गेटवरून परत आत आलेत, त्याला आता अकरा महिने झाले. मी कुणाची बाजू घेत नाहीये. तू तिथली सेफ्टी ऑफिसर होतीस, तुला रिपोर्ट लिहायचाच होता, कळलं. पण "उघडी ज्योत घेऊन हायड्रोजनच्या भागात फिरणारा कर्मचारी" असं आपल्याच बापाबद्दल लिहिल्यावर बाबा तीन महिने गेटवर गाड्यांचे नंबर लिहीत बसले, आणि तू दुसऱ्या प्लांटवर बदली घेऊन निघून गेलीस. चौदा महिने. तुम्ही दोघं पाटा आणि वरवंटा, आणि मध्ये माझी आणि आईची चटणी.

आई बरी आहे. तुझी खोली तिने पुसून ठेवलीय आणि "मी काही तिच्यासाठी पुसत नाही" असंही सांगितलंय.

घुमी

१९ जानेवारी

ताई,

उत्तर नाही. ठीक आहे. मी आपली लिहीत राहते, भिंतीशी बोलायची मला सवय आहे.

मला काम जसं कळलं तसं लिहिते, चुकलं तर सांग. (सांगणार नाहीस, माहीत आहे.) अमोनिया टँकरने येतो, थंडगार पातळ. त्याची वाफ करायची. ती वाफ लालभडक तापलेल्या नळ्यांतून सोडायची, तिथे तो फुटतो. तीन वाटे हायड्रोजन, एक वाटा नायट्रोजन. मग तो गाळणीतून जातो, म्हणजे त्या उंच पिंपातून. राहिलासाहिलेला अमोनिया तिथे अडकतो आणि पुढे स्वच्छ गॅस शेजारच्या कारखान्यातल्या भट्टीला. साहेब म्हणाले, अमोनिया म्हणजे हायड्रोजनची पिशवी. हायड्रोजन तसाच आणायला भानगडी फार, म्हणून पिशवीत घालून आणायचा आणि इथे पिशवी फाडायची.

मला पिशवीची भीती वाटत नाही. अमोनिया बोंबलतो. एवढासा सुटला तरी नाकात सुई जाते, डोळ्यांना पाणी येतं, माणूस आपोआप पळतो. (वाऱ्याला आडवं पळायचं, वाऱ्याची दिशा दाखवणारा तो कापडी बोंगा बघून. पाठ आहे.) भीती वाटते ती गाळणीच्या पुढच्या गॅसची. वास नाही, रंग नाही, पेटला तरी दिवसा ज्योत दिसत नाही. म्हणून पेटल्याचा संशय आला की समोर लांब झाडू धरून चालायचं. झाडू पेटला, तर तिथे आग आहे. पहिल्या दिवशी साहेबांनी हे सांगितलं तेव्हा मला वाटलं नवीन पोरीची टिंगल चाललीय. बाबा म्हणाले, "एवढं मोठं मशीन, आणि राखणीला झाडू!" सगळे हसले.

तर बाबा. अगं, वैताग आहे नुसता. सव्वीस वर्षं बर्फाच्या कारखान्यात अमोनिया हाताळला, त्यांचं अजून तेच चालू. "तुमचे सेन्सर आज आले, माझं नाक तेव्हापासून आहे." हातातलं ते गॅस पकडणारं मीटर, जे तू सगळ्यांना सक्तीचं केलं होतंस, ते केबिनमध्ये चार्जिंगला लटकलेलं असतं. बाबा त्याला खुळखुळा म्हणतात. चार तास चार्जिंगला लावायचं, तर हे चार महिने लावून ठेवलंय.

गळती शोधायला न्यायचे ती काडेपेटी आणि गंधकाची सुतळी मात्र आता नेत नाहीत. ते सगळं बंद झालं. काळजी करू नकोस.

घुमी

२ फेब्रुवारी

ताई,

एक गोष्ट विचारायची आहे आणि कुणाला विचारावी कळत नाही.

ऑगस्टच्या शेवटी एकदा बाबा स्वयंपाकघरात पेपर वाचत बसले होते. गॅसवर दूध होतं. मी बाहेरून आले तर जिन्यापासून जळका वास. आत धूर, भांडं काळंठिक्कर, आणि बाबा दोन हातांच्या अंतरावर बसून खेळाचं पान वाचतायत. मी धावत जाऊन गॅस बंद केला. बाबा म्हणाले, "लक्षात आलं होतं माझ्या." काय लक्षात आलं होतं? आईने त्या दिवशी भांड्यावरून बाबांना आणि बाबांवरून मला बोलून घेतलं.

मग मी लक्ष ठेवायला लागले. बाबा नासकं दूध चहात घालून प्यायले. आईने नवीन फिनेल आणलं, सगळे शिंकतोय, बाबा म्हणाले, "काय झालं सगळ्यांना?" ताई, त्यांना वास येत नाही. कसलाच.

मी कामाला लागले त्या दिवशी प्लांटच्या वाटेवर बाबा थांबले, बुटाची नाडी बांधायचं नाटक केलं आणि खाली बघूनच म्हणाले, "चिमणे, राउंडला माझ्याबरोबर चालायचं. अमोनियाचा वास आला की खोकायचं. थोडा असला तर एकदा, जास्त असला तर दोनदा. कुणाला सांगायचं नाही."

आणि मला वाटत होतं मला नोकरी लावली म्हणजे माझ्यावर विश्वास आहे. त्यांना नाक हवं होतं गं. दोन पायांचं.

आता रोजचा तमाशा असा. मी साबणाच्या पाण्याची बादली घेऊन मागे. चार नंबरच्या व्हॉल्व्हपाशी मला बारीक वास येतो, मी खोकते. बाबा थांबतात, डोळे मिटतात, मान वर करून लांब श्वास घेतात आणि म्हणतात, "चार नंबरची पॅकिंग ढिली झालीय, आवळा." पोरं म्हणतात, "मानलं बाबा तुमच्या नाकाला!" बाबा नुसते हसतात. मी बादली धरून उभी. नाटक कंपनीत गेले असते तर निदान टाळ्या तरी मिळाल्या असत्या.

विचारायचं हे आहे, मी काय करू? साहेबांना सांगितलं तर बाबा घरी बसतील. नाही सांगितलं तर गाळणीच्या पुढे माझं नाकही आंधळंच आहे. तू शिकलेली आहेस. सांग ना.

घुमी

११ फेब्रुवारी

ताई,

अगं, एक अक्षर तरी. "पोहोचलं" एवढं लिहायला काय जोडाक्षर शोधावं लागतं?

हो, लागतं. तरी पण.

घुमी

२४ फेब्रुवारी

ताई,

आज जे झालं ते एका दमात लिहिते, मधे थांबले तर राहील.

मला तीन दिवस सर्दी आहे. नाक चोंदलेलं, डोकं भोपळ्यासारखं. सकाळी बाबांना म्हटलं, "आज मी येत नाही."

"एवढ्याशा सर्दीने? मी तापात बर्फ काढलाय."

"मला वास येत नाहीये, बाबा."

ते चहा पिता पिता थांबले. मग म्हणाले, "पिंपाचं गॅस्केट काल बदललंय. आज राउंड घ्यायलाच पाहिजे. नुसती बरोबर चल. लोकांना सवय झालीय दोघांना बघायची."

गेले. का गेले, ते मला विचारू नकोस.

राउंड सुरू झाला. मी बादली घेऊन मागे. त्या गाळणीच्या पिंपापाशी आलो, जिथे नवीन गॅस्केट बसवलं होतं. मी बादली खाली ठेवून ब्रश बुडवणार, तेवढ्यात मला खोकला आला. सर्दीचा. एकदा. मग दोनदा. मग थांबेचना.

बाबांनी वळून माझ्याकडे बघितलं. त्यांचा चेहरा एकदम बदलला. माझी सर्दी ते विसरलेच, त्यांना वाटलं, अमोनिया. जास्त. मी हाताने नाही नाही करतेय, खोकल्यात शब्द फुटत नाही, आणि त्यांनी पॅंटच्या खिशातून गंधक लावलेली सुतळी काढली. बर्फाच्या कारखान्यात हेच करायचे. गंधक पेटवून जोडापाशी न्यायचं, अमोनिया असला की पांढरा धूर होतो, गळती कुठे ते दिसतं. तिथे ते बरोबरच होतं. पण हे पिंपाच्या पुढचं टोक होतं, ताई. इथे अमोनिया नसतोच. इथे दुसरा असतो.

त्यांनी काडेपेटी काढली. काडी पेटीवर टेकवली.

मला ओरडायचं होतं. शपथेवर सांगते, तोंड उघडलं होतं. आवाजच निघाला नाही. शाळेत उभं राहून वाचायला सांगितल्यावर व्हायचं तसंच, तसंच झालं. मग मी बादली उचलली आणि अख्खी बाबांवर ओतली.

डोक्यापासून बुटापर्यंत फेस. मिशीला फेस. काडेपेटीचा लगदा. बाबा आंघोळीला बसलेल्या मुलासारखे डोळे चोळत ओरडले, "वेड लागलं का गं तुला?" पोरं धावत आली आणि हसायला लागली. एक जण म्हणाला, "घुमी बोलली नाही, पण बोलली!"

साहेब हसले नाहीत. त्यांनी खाली पडलेली सुतळी बघितली. सगळ्यांना मागे काढलं, गॅस बंद करवला, स्वतःच्या खिशातलं मीटर काढलं आणि हात लांब करून जोडापाशी नेलं. जोडाच्या वीतभर अलीकडेच ते किंचाळायला लागलं. साठ. शंभर झालं की पेटायला पुरतं, हे तूच त्या बोर्डावर लिहिलं होतंस, तुझं अक्षर अजून तिथे आहे. छताखालचा सेन्सर गप्प होता, कारण आज वारा आडवा होता आणि गॅस वर जायच्या आधीच बाहेर पळत होता.

मग कुणीच हसलं नाही. बाबा त्या फेसात उभे होते. मी आयुष्यात माणूस एवढा गप्प बघितला नाही, आणि मी आरशात रोज बघते.

साहेब मला म्हणाले, "घुमी, शुक्रवारपर्यंत जबाब लिहून दे. बाबा काय करत होते आणि तू बादली का ओतलीस. सगळं."

घरी आलो. आईने विचारलं, "कपडे का ओले?" बाबा म्हणाले, "साबण सांडला."

जबाबात काय लिहू?

घुमी

२६ फेब्रुवारी

ताई,

आलं तुझं उत्तर. धन्य आहेस. सात आठवडे, पाच पत्रं, आणि तुझे तीन शब्द.

"मीटर कुठे होतं?"

अगं, बाप मरता मरता वाचला! मी वाचले! भाजलं का विचार, रडलीस का विचार, आई कशी आहे विचार! मीटर कुठे होतं म्हणे. केबिनमध्ये होतं. चार्जिंगला. हिरवा दिवा लागलेला होता, सुखात होतं. झालं समाधान?

मी फोन भिंतीवर मारणार होते, पण हप्ते चालू आहेत.

संध्याकाळी आईला दाखवलं. आईने तीनदा वाचलं आणि म्हणाली, "घाबरलीय ती. घाबरली की ती असंच विचारते. लहानपणी तू झाडावरून पडलीस तेव्हा पळत आली आणि विचारलं, फांदी कोणती होती." मग आई भाजी चिरायला बसली आणि खूप वेळ एकच कांदा चिरत राहिली.

बरं. तू खरं विचारलंस तर मी पण खरं सांगते. जानेवारीत मी खोटं लिहिलं होतं. काडेपेटी बंद झाली नव्हती. गेटवर बाबांचे खिसे तपासतात, तुझ्या रिपोर्टनंतर रोज. माझे कोण तपासणार? काडेपेटी आणि ती सुतळी माझ्या डब्यात असायची, चमच्याच्या कप्प्यात. आत गेल्यावर मी बाबांना द्यायचे. मला माहीत होतं कशासाठी. मला वाटायचं, ते अमोनियाच्या बाजूलाच वापरतात, तिथे काय होतंय. "मला वाटायचं" हे जबाबात लिहिता येतं का?

शुक्रवार उद्या आहे. बाबा समोर बसून बूट पुसतायत, अर्ध्या तासापासून एकच बूट. मी लिहितेय हे त्यांना दिसतंय. थांब म्हणत नाहीयेत. लिही पण म्हणत नाहीयेत. मला वाटतं तुम्हा दोघांना एकाच साच्यातून काढलंय, आणि साचाही तापलेला होता.

घुमी

१२ मार्च

ताई,

लिहिलं मी. दीड पान. डबा, काडेपेटी, खोकला, सर्दी, बादली, सगळं. आणि शेवटी, "माझ्या वडिलांना सहा महिन्यांपासून वास येत नाही, ही गोष्ट मी लपवली."

मला वाटलं साहेब कागद घेऊन फाइलला लावतील. तर त्यांनी बाबांना बोलावलं, दार लावलं, आणि मोठ्याने वाचून दाखवला! शब्दन् शब्द! मी टेबलाच्या कडेकडे बघत होते. तिथे कुणीतरी पेनाने बदक काढलंय. त्या बदकाची पिसं मी आता डोळे मिटून काढू शकते.

वाचून झाल्यावर साहेब म्हणाले, "बाबा, यातलं काही खोटं आहे?"

बाबा म्हणाले, "एक चूक आहे."

मला वाटलं, आता हे सगळं माझ्यावर ढकलणार. मी बदकाला घट्ट धरलं.

"तिने सहा महिने लिहिलंय. तिला दूध जळलं तेव्हा कळलं. दीड वर्ष झालं. मोठा ताप आला होता, त्यात गेलं. परत येईल म्हणून वाट बघितली."

ताई, मी तिथेच बोटांवर मोजलं. दीड वर्ष म्हणजे तुझ्या रिपोर्टच्या आधी. म्हणजे ज्या दिवशी तू घरात ओरडलीस, "बाबा, तुमच्या नाकाला हायड्रोजनचा वास येतो का? सांगा ना, येतो का?" आणि ते उठून आत गेले, आणि तू म्हणालीस बघ किती माज आहे, त्या दिवशी त्यांना कशाचाच येत नव्हता. गंधकाची सुतळी ते हट्टाने फिरवत नव्हते गं. चाचपडत होते.

साहेबांनी विचारलं, "मग तेव्हाच का नाही सांगितलंत? मुलीने रिपोर्ट केला, गेटवर बसलात, एवढी बदनामी घेतलीत."

बाबा म्हणाले, "माजोरडा म्हणाले तरी माणूस कामाचा राहतो, साहेब. नाक गेलं म्हटलं असतं तर माझ्यात ठेवण्यासारखं काय होतं?"

मी काहीतरी बोलले. आवाज निघाला, बरं का. मी म्हटलं, "हात आहेत ना." एवढंच. दोघांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू टेबलावरचं बदकच बोललं.

निकाल असा. मला पंधरा दिवस घरी बसवलंय, काडेपेटीसाठी. बरोबर आहे, मी भांडणार नाही, भांडायला तोंड लागतं. परत गेल्यावर गेटवर माझा डबाही उघडणार. बाबांना लेखी ताकीद, राउंड बंद, आणि डॉक्टर. डॉक्टर म्हणाले येईल किंवा येणार नाही, त्यासाठी एवढं शिकावं लागतं. पण साहेबांनी त्यांना टँकर खाली करायच्या जागेवर घेतलंय. नळी कशी जोडायची, कशी सोडायची, ते नवीन ड्रायव्हरांना शिकवायचं. सव्वीस वर्षांत बाबांच्या हातून एक नळी सुटलेली नाही, हे साहेबांना माहीत होतं. अट एकच, मीटर गळ्यात पाहिजे. सतत. केबिनमध्ये लटकलेलं दिसलं तर घरी.

आता ऐक, मुख्य गोष्ट. त्या मीटरला बाबा खुळखुळा म्हणत नाहीत आता. पहिल्याच दिवशी ते तीनदा वाजलं. एकदा खरंच नळीत थोडं राहिलं होतं, दोनदा कुणीतरी जवळ उग्र औषधाने फरशी पुसत होतं. बाबा घरी येऊन आईला म्हणाले, "एवढ्या तेवढ्यावरून किंचाळते. कुणाचं ऐकत नाही. आणि वर खरी ठरते." मग ते मीटर चार्जिंगला लावत बसले. काल सकाळी निघताना हाक मारली, "चिमणे, ताईला चार्जिंगवरून काढलंस का?"

आई स्वयंपाकघरात थांबली. मी थांबले. बाबा बुटाची नाडी बांधत राहिले.

आता रोज तसंच म्हणतात. ताई कुठेय, ताई शंभर टक्के झाली का, ताई आज एकदाही बोलली नाही. कुणी हसत नाही, कारण हसलं तर बंद करतील.

मी तुला ये म्हणत नाहीये. तू येशील तर आधी पायऱ्यांचे कठडे तपासशील. फक्त रविवारी सकाळी दहा वाजता फोन करणार आहे, तो उचल. आणि पलीकडून नुसता श्वास ऐकू आला तर या वेळी ठेवू नकोस. तो माझा नसेल.

घुमी

अगं हो, राहिलंच. तळमजल्यावरच्या शिंपीणकाकूंना एकसष्टाव्या वर्षी अक्कलदाढ आली. गाल एवढा सुजलाय की दोन दिवस मशीन बंद आहे.